चौऱ्याहत्तर जोडांचा पाळणा

हिरामणच्या लेकीला, संध्याला, पहिली मुलगी झाली ते साल १९९६, महिना फेब्रुवारी. हिरामणला एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि इंदिरानगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात त्याची बसायची जागा अजून ठरलेली नव्हती. बाहेरच्या खोलीत बसला की त्याच्या बायकोला, गोजराबाईला, तिथे झाडायचं असे. आत गेला की आत पुसायचं असे. शेवटी तो मागच्या गॅलरीत बसायला लागला, कारण गॅलरीत त्याची लोखंडी पेटी होती आणि तिच्या आसपास गोजराबाई फिरकत नसे.

पेटीत तुकडे होते. सायकलच्या मडगार्डच्या काड्या, शाळेच्या बाकांच्या पट्ट्या, पंख्याच्या जाळीची कडी, ट्रंकांचे कोपरे, खिडकीच्या गजांची टोकं. दर आठवड्याला तो भंगार बाजारात जायचा आणि ओंजळभर माल घेऊन यायचा. एकही तुकडा दोन वितींपेक्षा लांब नाही. हे कशाला, असं विचारलं तर तो म्हणायचा, "लागतं." काय लागतं, कुठे लागतं, ते आठ महिन्यांत कुणाला कळलं नव्हतं. एकदा सोसायटीच्या टाकीच्या झाकणाची कडी तुटली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आज लागणार. पण नेमक्या त्या मापाचा तुकडा पेटीत नव्हता.

बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या दिवशी येवल्याहून व्याही आले. भिमाजी हा पैठणीचा विणकर. बोटं लांब, बोलणं थोडं, आणि नजर अशी की समोरच्याच्या सदऱ्याचा उसवलेला टाका तिला आधी दिसावा. हिरामणही जन्माने विणकरच. पण तेहतिसाव्या वर्षी माग सोडून तो वीज केंद्रात लागला आणि स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली. भरल्या मांडवातून निघून गेलेल्या नवरदेवाकडे लोक जसं बघतात, तसं भिमाजी त्याच्याकडे बघत असे. बोलत काही नसे. बोलला असता तर बरं झालं असतं.

बाळ बघून झालं, चहा झाला, भिमाजी हात धुवायला गॅलरीत गेला आणि पेटीशी थबकला.

"हे काय हाय?"

"सामान आहे," हिरामण म्हणाला.

"कशाचं?"

आठ महिने हिरामण हा प्रश्न टाळत आला होता. गोजराबाईला टाळता येतं, व्याह्याला येत नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं, "पाळण्याचं."

"पाळण्याचं?"

"पहिला पाळणा आजोळचाच असतो ना. बारशाला लागेल."

भिमाजीने वाकून दोन तुकडे उचलले, एकमेकांवर ठेवले, अंगठ्याने दाबून बघितले. "ह्यो तुकडा ह्या तुकड्याला धरून बसंल?"

"बसेल की."

"कोन बसवनार?"

"मीच. इथे घरीच, माझ्या हाताने."

"बाराव्याला येतो मंग," भिमाजी म्हणाला. आणि निघताना चपला घालता घालता गोजराबाईला, पण हिरामणला नीट ऐकू जाईल अशा बेताने, "नाय जमलं तर निरोप धाडा, याहीनबाई. आमच्याकडं माझ्या बापाचा लाकडी पाळणा पडून हाय. पाठवून देतो एसटीवर टाकून."

हे वाक्य साधं दिसतं, पण ते साधं नव्हतं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि त्या माहेरात पाळणा यायचा तो सासरहून, एसटीच्या टपावरून. येवल्यापासून नाशकापर्यंत जिथे जिथे लग्न असेल तिथे पंगतीत ही गोष्ट आधी वाढली जाणार आणि वरण नंतर. हिरामणने दार लावलं.

"दुकानात मिळतात पाळणे," गोजराबाई म्हणाली.

"मी शब्द दिलाय."

"कुणाला? भंगाराला?"

मानी माणूस उत्तर देत नाही, कामाला लागतो.

आता तुकडे जोडायचे म्हटल्यावर कुणाच्याही मनात आधी वेल्डिंगच येणार. कोपऱ्यावर खिडक्यांच्या जाळ्या करणारा एक वेल्डर होता. त्याने तुकडे बघून मान हलवली. पट्ट्या फार पातळ आहेत, जोड बसायच्या आधी जळून भोकं पडतील, म्हणाला. पण हिरामण तासभर उठेना, तेव्हा त्याने त्याला वेल्डिंगचं मशीनच देऊन टाकलं, एका दिवसाच्या बोलीवर. माणूस जाण्यासाठी लोक काय काय देतात.

वेल्डिंगच्या काड्या हिरामणने पंचवीस वर्षं हजारोंनी मोजून दिल्या होत्या. त्यामुळे वेल्डिंग आपल्याला येतं, अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मशीन गॅलरीत मांडलं, वायर जोडली, गोजराबाईचा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि काडी टेकवली. तुकड्याला रुपयाएवढं भोक पडलं. त्याच क्षणी पंखा थांबला. मग इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरून एकच आवाज आला, जसा मोठ्या गर्दीच्या पायाखालून फळी काढून घेतल्यावर येतो. त्या दिवशी मॅच होती.

वाल्मीकराव बनियनवरच वर आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. सरकारी कचेरीत नोंदणीच्या टेबलावर नोकरी, त्यामुळे कागद हातात असल्याशिवाय त्यांना राग नीट व्यक्त करता येत नसे. त्यांनी आधी मशीन बघितलं, मग हिरामणच्या नाकावरचा गुलाबी गॉगल बघितला, आणि इतकंच म्हणाले, "हिरामणभाऊ, तुम्हाला लेखी कळवतो."

फ्यूज बदलणारा माणूस संध्याकाळी आला. मॅच कोण जिंकलं ते इमारतीला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं. त्या रात्रीच पार्किंगमध्ये तातडीची सभा झाली आणि सकाळी जिन्यात नोटीस लागली: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीच्या कोणत्याही भागात वेल्डिंग अथवा तत्सम कृत्य करण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे. सदर ठराव एक मताविरुद्ध सर्वानुमते मंजूर." ते एक मत हिरामणचं होतं.

या नोटिशीने हिरामणची मोठी सोय केली, हे मात्र मानलं पाहिजे. आता वेल्डिंग येत नाही म्हणून नव्हे, तर ठराव झाला म्हणून तो वेल्डिंग करत नव्हता. यात फार फरक आहे.

सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, तारेने बांधा. त्यांच्या बायकोने त्यांना आत बोलावून घेतलं. पहिल्या मजल्यावरच्या मोहिनीबाई एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. त्या स्वतः वर आल्या आणि त्यांनी दोन नळ्यांच्या डिंकाची माहिती दिली. एका नळीतला अर्धा, दुसऱ्या नळीतला अर्धा, सारखा कालवायचा, तुकडे कानशीने घासून खरखरीत करायचे, लावायचं आणि चोवीस तास दाबून ठेवायचं. "विमानाचे भाग जोडतात काका, अशाने," त्या म्हणाल्या.

"विमान जोडतात तर पाळण्याचं काय," हिरामण म्हणाला. विमानात बसायची वेळ आली नाही याचं त्याला मनातून बरं वाटलं.

चौथा दिवस घासण्यात गेला. संध्याकाळी त्याने बारा जोड लावून गॅलरीत ओळीने मांडले. दाबायला वजन हवं. घरात वजनदार असं काय असतं? वरवंटा गोजराबाईने देणार नाही म्हणून सांगितलं. मग त्याने फडताळातून बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचे दोन मोठे स्टीलचे डबे काढले आणि जोडांवर ठेवले. सकाळी जोड पक्के झाले होते. डबेही पक्के झाले होते. मधून पाझरलेल्या डिंकाने एका डब्याला सहा पट्ट्या चिकटल्या होत्या, चारी बाजूंना, खेकड्याच्या नांग्यांसारख्या.

"आई, लाडू," संध्याने आतून हाक मारली.

"पाळण्यात आहेत," गोजराबाई म्हणाली. "येऊन खा."

दुसरा डबा मात्र सुटला, आणि त्याखालचे सहा जोड इतके घट्ट बसले की हिरामणने त्यातला एक गुडघ्यावर वाकवून बघितला आणि गुडघाच चोळत बसला. त्याने मोहिनीबाईंना निरोप पाठवून आणखी नळ्या मागवल्या. संध्याकाळपर्यंत पाळण्याची एक बाजू उभी राहिली. ती त्याने सुकायला आत आणून बाळंतिणीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली, कारण गॅलरीत दव पडतं अशी त्याची काळजी होती.

आता बाळंतिणीच्या खोलीत काय असतं, हे चार लेकरांच्या बापाला ठाऊक असायला हवं. सहाव्या दिवशी सकाळी गोजराबाईने नेहमीप्रमाणे शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या, आणि दार लावून लेकीला नि नातीला शेक-शेगडी दिली. अर्ध्या तासाने आतून एकामागून एक टण, टण, टण असे आवाज आले. डिंक ऊब लागून मऊ पडला होता. विमानाला बाळंतशेपांची धुरी कुणी देत नसल्यामुळे ही गोष्ट आजवर कुणाच्या लक्षात आली नसावी.

संध्या बाळाला घेऊन बाहेर आली. ती मुळात शांत मुलगी. "अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही पाळणा करा, नका करू, पण तिच्या कानाजवळ लोखंड पाडू नका."

त्या दिवशी हिरामण दुपारी जेवला नाही. बाराव्याला सहा दिवस उरले होते. येवल्याच्या कुठल्याशा माळ्यावरून लाकडी पाळणा उतरवला जातोय, त्यावरची धूळ झटकली जातेय, असं त्याला डोळे मिटले की दिसायचं. चारच्या सुमारास तो उठला आणि बस धरून भद्रकालीत इसाकभाईकडे गेला.

इसाकभाई पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचा. हिरामणच्या लग्नातली ट्रंक इसाकभाईच्या बापाने केलेली. ईद होऊन चार-पाच दिवस झाले होते. इसाकभाईने आधी शिरखुर्म्याची वाटी पुढे केली, मग पिशवीतले तुकडे जमिनीवर ओतून घेतले आणि डिंकाचे जोड नखाने खरवडून बघितले.

"ये किसने बताया?"

"शेजारच्या बाईंनी. कथलाचा डाख लावला तर?"

"डाख बादलीला, भाऊ. बादलीत पाणी असतं, त्याला हातपाय नसतात. डाखाने भोक बुजतं, वजन नाय पेलत." त्याने चष्मा कपाळावर सारला. "याला रिव्हेट मारायचे. भोक पाडा, खिळा घाला, डोकं ठोका. आग नको, वीज नको, डिंक नको. आमची पेटी तीस वर्षं उघडमीट होते, कधी सुटली?"

"मला शिकवा."

इसाकभाईने त्याच्या हातांकडे बघितलं. "मी येतो ना," तो म्हणाला. "तुम्ही धरा, मी ठोकतो."

सातव्या दिवशी सकाळी इसाकभाई ऐरण, पंच आणि दोन हातोड्या घेऊन इंदिरानगरला आला. पहिले पाच रिव्हेट ठोकले जातात न जातात तोच वाल्मीकराव नोटिशीची नक्कल घेऊन दारात.

"ठराव आहे, हिरामणभाऊ."

"ठराव वेल्डिंगचा आहे. हे वेल्डिंग नाही."

"अथवा तत्सम," वाल्मीकरावांनी बोट ठेवून दाखवलं.

"तत्सम कसं? ठिणगी आहे? धूर आहे? तुमचा फ्यूज उडाला?"

वाल्मीकराव विचारात पडले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी 'तत्सम' हा शब्द शेकडो वेळा लिहिला होता, पण त्याचा जाब विचारायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी कमिटी बोलावली. कमिटीचे चार सभासद गॅलरीत येऊन इसाकभाईच्या भोवती उभे राहिले. इसाकभाईने त्यांच्यासमोर एक रिव्हेट मारला. मग सभासदांपैकी एकाने, केवळ शहानिशा व्हावी म्हणून, एक मारून बघितला. मग दुसऱ्याला मोह झाला. अर्ध्या तासाने कमिटीने असा निर्णय दिला की ठोकणे हे वेल्डिंगसम नाही, मात्र ते सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा या वेळेतच करावं. निर्णयाच्या खाली वाल्मीकरावांची सही होती आणि सहीवर काळ्या बोटाचा ठसा होता.

दोन दिवस काम जोरात चाललं. इसाकभाई पट्टीवर पट्टी ठेवायचा, पंचाने भोक पाडायचा, रिव्हेट घालायचा आणि चार ठोक्यांत त्याचं डोकं बटणासारखं गोल करायचा. हिरामण धरायचा. धरणं हे सोपं काम नाही, असं तो गोजराबाईला दोनदा सांगून आला.

नवव्या दिवशी इसाकभाईला मालेगावला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. "अठरा जोड राहिलेत," तो म्हणाला. "मी परवा येतो. तोवर हात लावू नका. लावलाच तर एका जोडाला दोन रिव्हेट. दोन. ध्यानात ठेवा."

इसाकभाई जिना उतरला, आणि हिरामणच्या मनात आलं की बाराव्याला भिमाजी विचारणार, 'तुमच्या हाताने?' आणि आपण काय सांगणार? मी धरलं होतं? त्याने हातोडी उचलली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्टोअरमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाची एक शिस्त असते. कुणी दहा बोल्ट मागितले की पाच द्यायचे. माणूस नेहमी दुप्पट मागतो, आणि पाचांत त्याचं काम भागतं. हिरामणने आयुष्यात कुणाला मागितलं तेवढं दिलं नव्हतं आणि त्यामुळे काही पडलं-झडलं असं त्याच्या ऐकिवात नव्हतं. इसाकभाईने दोन रिव्हेट सांगितले होते. त्याने एक मारला.

दहाव्या दिवशी दुपारी अठरा जोड पुरे झाले. पाळणा उभा राहिला. दोन बाजूंना दोन घोडे, मध्ये टांगलेली पट्ट्यांची पाटी, आणि हलावी म्हणून टांगणीला सैल ठोकलेले दोन रिव्हेट. हिरामणने घरातल्यांना हाक मारली. गोजराबाई आली, संध्या बाळाला घेऊन आली, मोहिनीबाई जिन्यातून आल्या. सगळ्यांसमोर हिरामणने पाळण्यावर हलकेच हात ठेवला.

पाळणा मोडला नाही. तो हळूहळू कलला, त्याचे घोडे एकमेकांजवळ सरकले, सगळ्या पट्ट्या कात्रीच्या पात्यांसारख्या एका बाजूला वळल्या, आणि तो सबंधच्या सबंध फरशीवर सपाट झाला. एका रिव्हेटचा जोड हा जोड नसतो, बिजागरी असते, हे हिरामणला तेव्हा कळलं.

"पाळणा झोपला," गोजराबाई म्हणाली. "आता बाळ तेवढं जागं आहे."

मोहिनीबाई खाली गेल्या. संध्या हसायला लागली आणि पोटाला हात लावून भिंतीशी टेकली, कारण बाळंतिणीला हसणं सोसत नाही. हिरामण त्या सपाट पाळण्यापाशी मांडी घालून बसला. थोड्या वेळाने गोजराबाई त्याच्या समोर बसली आणि पदर खोचून म्हणाली, "कुठे धरायचं ते सांगा."

चार ते सहा ती धरत होती आणि तो ठोकत होता. अकराव्या दिवशी दहा ते बारा तेच. त्याचा डावा अंगठा काळानिळा झाला, तिची एक बांगडी पिचली, आणि अठरा जोडांना दुसरे अठरा रिव्हेट बसले. त्यांची डोकी बटणासारखी नव्हती. एखादं खाऊन टाकलेल्या बोरासारखं होतं, एखादं चपटं, एक तर शेजारच्या पट्टीवरच पसरलेलं. पण पाळणा उभा राहिला. हिरामण त्याच्यावर रेलला, तरी उभा राहिला.

चार वाजता इसाकभाई मालेगावहून थेट आला, हातात लग्नाच्या मिठाईचा पुडा. त्याने पाळण्याभोवती एक फेरी मारली, गॅलरीच्या दाराकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, हा बाहेर कसा काढणार?"

कामाआधी माप घ्यायचं असतं हे हिरामणला ठाऊक होतं. पाळण्याचं माप त्याने घेतलंच होतं. दाराचं घेतलं नव्हतं. दार सव्वादोन फूट, पाळणा तीन फूट. उभा, आडवा, तिरपा, उलटा, सगळे प्रकार झाले. एकदा तो दारात असा अडकला की हिरामण गॅलरीत आणि घरदार आत, अशी पाऊण तास फाळणी झाली.

"खोलून परत जोडला तर?"

"नट असते तर खोलले असते," इसाकभाई म्हणाला. "रिव्हेट खोलायला नसतात. तोडावे लागतात."

बारसं दुसऱ्या दिवशी. हिरामण गॅलरीत उभा राहून खाली बघत होता. गोजराबाईने कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

"काय करतेस?"

"झेंडूच्या माळा कुठे बांधू? बारसं इथेच," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी येवल्याहून भिमाजी आला. बरोबर त्याची लेक, म्हणजे बाळाची आत्या कुसाबाई, आणि हिरामणचा जावई, म्हणजे बाळाचा बाप. लाकडी पाळणा बरोबर नव्हता. पण भिमाजीने आल्या आल्या सांगितलं की तो पुसून तयार ठेवलाय, फोन केला की निघेल. मग विचारलं, "कुठं हाय?"

"मागे," हिरामण म्हणाला.

तीन फूट रुंद गॅलरीत पाळणा, पाण्याचा पिंप, लोखंडी पेटी आणि माणसं. बायकांची रांग गॅलरीपासून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत आणि तिथून जिन्यात गेली होती. पुढच्या बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली की त्याची ओळ जिन्यातल्या बायकांपर्यंत उशिराने पोचायची, आणि त्या मागचं कडवं म्हणत असताना पुढे दुसरं सुरू व्हायचं. भिमाजी पिंप आणि कठडा यांच्यामध्ये अडकला होता. हिरामण त्याच्या शेजारी. पळून जायला जागा नव्हती.

बारशाची रीत अशी की पाळण्यात आधी बाळ जात नाही, वरवंटा जातो. कुसाबाईने वरवंट्याला कुंची घातली, हळदकुंकू लावलं आणि पाळण्याखालून-वरून फिरवला. काळ्या दगडाचा, पाच-सहा किलोंचा. गेल्या बारा दिवसांत इतकी वजनं शोधली, पण हे शेवटचं वजन आपल्याच घरातून, सगळ्यांसमोर येणार आहे, हे हिरामणच्या ध्यानातच आलं नव्हतं. गाणं चालू होतं. त्याने डोळे मिटले.

दगड टेकल्याचा आवाज आला. पट्ट्या करकरल्या. मग कुसाबाईने झोका दिला आणि टांगणीच्या रिव्हेटमधून लांब, बारीक आवाज निघाला: कुईं. परत आली पाटी, परत कुईं. डबा नाही, पट्टी नाही, काही पडलं नाही.

वरवंटा निघाला, बाळ आलं. बारा दिवस या मुलीने घर डोक्यावर घेतलं होतं आणि आताही ती रडत होती. कुसाबाईने तिच्या कानात नाव सांगितलं, रेवती. झोका दिला. कुईं, कुईं. चौथ्या-पाचव्या झोक्याला मुलगी गप्प झाली, आणि घुगऱ्या वाटून होईपर्यंत झोपली होती.

बायका हळूहळू आत गेल्या. भिमाजी गेला नाही. तो पाळण्याशी उकिडवा बसला आणि एका टोकापासून जोड बघायला लागला, जसं कापड बघतात तसं, अंगठा सरकवत. एकेका रिव्हेटवर अंगठा थांबायचा, दाबायचा, पुढे जायचा. हिरामण उभा. दाराच्या आत इसाकभाई घुगऱ्यांची वाटी घेऊन उभा. पाव तास गेला.

"किती जोड हायेत?"

"चौऱ्याहत्तर," हिरामण म्हणाला.

"समदे तुमच्या हातचे?"

इसाकभाई आतून लगेच म्हणाला, "हां, सब भाऊचेच. मी फक्त बसायला येत होतो."

हिरामणला नुसतं गप्प राहायचं होतं. बारा दिवस त्याने याच वाक्यासाठी घालवले होते, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून आयतं आलं होतं. त्याने काळ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "छप्पन्न इसाकभाईंचे. अठरा माझे. त्या अठरांतही धरायला ही होती."

भिमाजीने मान वर केली नाही. "ते अठरा मला मघाच गावले," तो म्हणाला.

"कशावरून?"

"लय वाकडे हायेत." त्याने त्यातल्या सगळ्यांत बेढब रिव्हेटवर अंगठा ठेवला, शेजारच्या पट्टीवर पसरला होता त्यावर, आणि नखाने उचकटून बघितला. मग दुसरा हात लावून बघितला. मग उठला, गुडघे चोळले. "पन सुटत नाय," तो म्हणाला. "किती वेळ झाला, बघतोय मी."

आत जाताना तो गोजराबाईला म्हणाला की आमचा लाकडी पाळणा आता कुणाला तरी देऊन टाकावा म्हणतो, उगाच जागा अडवतो.

सव्वा महिन्याने संध्या सासरी निघाली तेव्हा पाळणाही निघायचा होता. वरच्या छज्ज्यामुळे तो कठड्यावरून पलीकडे जात नव्हता, आणि गॅलरीचा लोखंडी कठडा कापल्याशिवाय तो खाली उतरणार नव्हता. अर्ज झाला, कमिटी बसली, कठडा कापला, पाळणा दोराने खाली सोडला. मग वाल्मीकरावांच्या लक्षात आलं की कापलेला कठडा परत जोडायचा आहे आणि वेल्डिंगला कायमची मनाई आहे. ठराव रद्द करायला सर्वसाधारण सभा लागणार होती. ते वर आले, थोडा वेळ हवापाण्यावर बोलले, आणि म्हणाले, "हिरामणभाऊ, ते तुमचं ठोकायचं जरा..."

"लेखी कळवा," हिरामण म्हणाला. पण कठडा जोडून दिला. एका जोडाला तीन रिव्हेट मारून.

आठवड्याने येवल्याहून खालच्या किराणा दुकानात फोन आला. हिरामण धापा टाकत खाली उतरला. पलीकडे भिमाजी, आणि त्याच्यामागे रेवतीचं रडणं, असं की दुकानदारालाही ऐकू यावं.

"पाव्हणं," भिमाजी म्हणाला, "मी टांगनीला तेल दिलं. लय आवाज करत होती म्हनून."

"मग?"

"तवापासनं पोरगी झोपत नाय. दोन दिस झाले, माग बंद हाय. घातलेलं तेल काढायचं कसं, तेवढं इसाकभाईला इचारून सांगा."

इसाकभाईने राख चोळायला सांगितलं. आवाज परत आला. त्या पाळण्यात पुढे संध्याचा मुलगा झोपला, मग कुसाबाईची दोन मुलं झोपली, आणि टांगणीला तेल द्यायचं नाही असं भिमाजीने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माग थांबला की तो बाजेवर बसून पायाने झोका देत असे, पाळण्यात मूल असो की नुसतं गाठोडं.

इसाकभाई २००१ च्या ऑगस्टमध्ये भद्रकालीत वारला. भिमाजी २००४ साली, माघ महिन्यात, येवल्याला वारला. हिरामण त्यानंतर पाच वर्षांनी, जून २००९ मध्ये, इंदिरानगरच्या घरी गेला.